क्लच पाइपचे जाम नट आणि फ्लेअर नट पाना: वापरानंतरचे परीक्षण

स्पोर्ट्स कारचा क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवायला मला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ स्लेव्ह सिलिंडरकडे, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच हलवणाऱ्या सिलिंडरकडे, जाणाऱ्या पोलादी पाइपचा एक नट सोडवायला लागला. नटाचे माप अवघे 10 मिलिमीटर होते आणि तो जिथे बसला होता तिथे एका हाताची तीन बोटे कशीबशी पोहोचत होती. या एका नटासाठी मी फ्लेअर नट पान्यांचे, म्हणजे पाइपवरच्या नटांसाठी कड्याला फट ठेवलेल्या रिंग पान्यांचे, दोन संच वापरले. पहिल्याने नटाचे नुकसान केले आणि दुसऱ्याने तोच नट सोडवला. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या संचाचे आहे. परंतु पहिला संच का फसला हे समजल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळणार नाही, म्हणून दोन्हींविषयी लिहितो. दोघांच्याही उत्पादकांची नावे मी देत नाही, कारण फरक नावात नसून घडणीत आहे आणि ती घडण दुकानात पाना हातात घेऊन पाहता येते.

आधी त्या जोडणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. क्लचच्या पेडलशी जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत ब्रेक ऑइलचा दाब पोहोचवणारा पाइप बहुतेक गाड्यांत 4.75 मिलिमीटर बाह्य व्यासाचा, म्हणजे इंचाच्या तीन-षोडशांश मापाचा असतो. पाइपचे टोक फुलवून त्याचा फ्लेअर केलेला असतो आणि पाइपवर मोकळा फिरणारा नट तो फ्लेअर सिलिंडरमधल्या बैठकीवर दाबून धरतो. तेल अडवण्याचे काम फ्लेअर आणि बैठक करतात. आट्यांचे काम केवळ दाबून धरण्याचे असते. त्यामुळे या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्यात काहीच अर्थ नाही, उलट तिचे तुकडे आत जाऊन सिलिंडरच्या बारीक वाटा अडवू शकतात.

असा नट जाम होतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मला पान्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण येथे जाम होण्याच्या दोन निरनिराळ्या जागा आहेत. पहिली जागा आट्यांची. नट पोलादाचा आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचा असेल, तर ओलाव्यात या दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक गंज धरतो, पांढरी भुकटी साचते आणि ती आट्यांत पाचरीसारखी घट्ट बसते. दुसरी जागा नट आणि पाइप यांच्यामधली फट. नटाच्या मागच्या तोंडातून पाणी, चिखल आणि रस्त्यावरचे मीठ आत शिरते आणि पाइपवर मोकळा फिरायला हवा असलेला नट पाइपलाच धरून बसतो. पहिल्या प्रकारात चांगला पाना बहुतांशी काम करून जातो. दुसऱ्या प्रकारात नट आट्यांतून सुटत असला तरी पाइपला आपल्यासोबत फिरवतो आणि पाइप पिळून मोडतो. तेथे जगातला सर्वोत्तम पानाही एकटा उपयोगी पडत नाही.

आता साध्या पान्याचे गणित पाहू. दोन जबड्यांचा फिक्स पाना षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू धरतो खरा, पण जोर दिला की सारा भार प्रत्यक्षात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर येतो. 10 मिलिमीटर मापाच्या षटकोनाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर साधारण 11.55 मिलिमीटर भरते, म्हणजे प्रत्येक कोपरा बाजूच्या मध्यापेक्षा जेमतेम पाऊण मिलिमीटर बाहेर असतो. पान्याला धरायला मिळते ते एवढेच भांडवल. गंजाने त्यातले थोडे आधीच खाल्लेले असते आणि पाना एकदा घसरला की उरलेलेही जाते. रिंग पाना सहाही कोपरे धरतो, पण पाइप मध्ये असल्यामुळे तो नटावर घालताच येत नाही. या अडचणीवर तोडगा म्हणून फ्लेअर नट पाना घडवला जातो. तो मुळात रिंग पानाच असतो, फक्त त्याच्या कड्याला पाइप आत सरकेल एवढी एक फट ठेवलेली असते. 10 मिलिमीटरच्या नटाची एक बाजू सुमारे 5.8 मिलिमीटर लांब असते आणि पाइप 4.75 मिलिमीटरचा असतो, तेव्हा षटकोनाच्या एका बाजूएवढी फट पुरते आणि उरलेल्या पाच बाजू पान्याच्या ताब्यात राहतात.

फट ठेवली की कडे कमजोर होते. सगळी परीक्षा येथेच होते. पूर्ण कडे जोर आल्यावर फाकू शकत नाही, पण फट असलेले कडे फाकते आणि ते किती फाकेल हे कड्याच्या भिंतीची जाडी, पोलादाचा दर्जा आणि त्याचे कडकपण यांवर ठरते. माझ्या पहिल्या संचाची भिंत पातळ होती आणि आतली घडण बारा कोनांची होती. बारा कोन ठेवण्यामागे कारण आहे, हे मी मान्य करतो. सहा कोनांचा पाना एकदा फिरवल्यावर पुन्हा बसवायला 60 अंशांची जागा लागते, तर बारा कोनांच्या पान्याला 30 अंश पुरतात आणि गाडीच्या तळाखाली गिअरबॉक्स जिथे बसतो त्या अरुंद बोगद्यात 60 अंश फिरायला जागा मिळणे हे भाग्यच समजावे. पण बारा कोनांचा पाना प्रत्येक कोपऱ्याला अगदी टोकाजवळ धरतो आणि कडे जरा फाकले की ती पकडही सुटते. माझ्या बाबतीत नेमके तसेच झाले. तिसऱ्या प्रयत्नात पाना नटावरून निसटला, दोन कोपरे चपटे झाले आणि पाना बाहेर काढून प्रकाशात धरला तेव्हा त्याची फट पूर्वीपेक्षा रुंद झालेली होती व ती पुन्हा मिटली नाही. जो पाना एकदा फाकला, तो कामातून गेला असेच समजले पाहिजे.

दुसरा संच क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा, सहा कोनांचा आणि जाड भिंतीचा आहे. अशा उघड्या रिंग पान्यांसाठी जर्मनीचे डीआयएन 3118 हे मानक आहे आणि तो क्रमांक या पान्यांवर ठळक कोरलेला आहे. केवळ मानकाचा क्रमांक पाहून मी निर्धास्त झालो नाही. एक नवा 10 मिलिमीटरचा नट सोबत ठेवून त्यावर पाना बसवून पाहिला आणि हाताला जाणवेल अशी मोकळीक जवळजवळ नव्हती. ही चाचणी मी सर्वांना सुचवीन. नट पान्यात हलत असेल तर तो पाना जाम नटासाठी घेऊ नये, मग तो कितीही चकचकीत असो. जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकन गाड्यांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंचाच्या सात-षोडशांश मापाचा पाना 11.11 मिलिमीटरचा असतो. तो 11 मिलिमीटरच्या नटावर सहज बसतो आणि बसतो म्हणूनच फसवतो. ही एक-दशांश मिलिमीटरची मोकळीक सैल नटावर कळत नाही, पण जाम नटाचे कोपरे खाऊन टाकते.

पान्याचे तोंड दांड्याशी 15 अंशांनी वळवलेले आहे. त्यामुळे पाना उलटा करून बसवला की 60 अंशांऐवजी 30 अंशांच्या हालचालीतही काम पुढे सरकते आणि सहा कोनांची जी अडचण वर सांगितली ती बरीचशी दूर होते. ही सोय मला संचातली सर्वांत उपयुक्त बाब वाटली. दांडा मात्र थोडा आखूड आहे. साधारण 15 सेंटिमीटरच्या दांड्यावर 10 किलोचा हातजोर दिला तर सुमारे 15 न्यूटन-मीटरचा पीळ मिळतो आणि एम10, म्हणजे 10 मिलिमीटर व्यासाच्या, आट्यांचा असा नट बसवताना त्याच सुमाराचा पीळ दिलेला असतो. गंजलेला नट सोडवायला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. तरीही दांड्यावर नळी चढवून तो लांब करण्याचा मोह मी टाळला, कारण लांब दांड्याने जोर वाढतो तसा हाताला नटाचा अंदाज लागेनासा होतो आणि येथे तो अंदाज फार मोलाचा असतो.

खरे काम पान्याआधीच्या तयारीने केले, हे मला मनापासून नोंदवायचे आहे. नटाच्या मागचा पाइप आणि उघडे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ केले, नटाच्या दोन्ही बाजूंनी गंज सैल करणारे पातळ तेल सोडले आणि एक रात्र तसेच राहू दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडून नटाच्या बाजूंवर छोट्या हातोडीने हलके ठोके दिले. जोरात ठोकण्याची गरज नसते. गंजाचा थर तडकावा आणि तेलाला आत शिरायला वाट मिळावी एवढाच त्यामागे हेतू असतो. मग पाना पूर्ण खोल बसवून नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवला. उलट दिशेने जोर देण्यापूर्वी असे केल्याने गंजाची पकड मोडते, हे अनेक जुने मेकॅनिक सांगतात आणि माझ्या नटाबाबत ते खरे ठरले. नंतर एक लहानसा झटका सोडण्याच्या दिशेने दिला. कोरडा, तुटक आवाज झाला आणि नट अष्टमांश फेरीभर फिरला. त्यानंतर घाई न करता थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल सोडायचे, असे करत तो बाहेर आणला. दोन कोपरे आधीच चपटे झालेले असतानाही या पान्याने उरलेल्या कोपऱ्यांवर पकड ठेवली. यापेक्षा स्पष्ट प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही.

पहिला झटका देण्याआधी एक छोटे काम अवश्य करावे. नटावरून पाइपवर जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या मार्करने ओढावी. नट फिरला आणि पाइपवरची रेघ जागच्या जागी राहिली, तर सर्व ठीक आहे. पाइपवरची रेघही नटासोबत सरकू लागली, तर नट पाइपला चिकटला आहे असे समजून तत्काळ थांबावे. बोगद्यातल्या अंधुक प्रकाशात पाइपचा पीळ डोळ्यांना लवकर दिसत नाही; दिसतो तेव्हा पाइप मोडण्याच्या बेतात असतो.

माझ्या गाडीच्या दुसऱ्या जोडणीवर, जिथे पोलादी पाइप संपून लवचीक होज सुरू होतो, तिथे हेच झाले. ही जोडणी चॅसिसवरच्या ब्रॅकेटला एका चपट्या क्लिपने अडकवलेली असते. तेथे होजच्या षटकोनावर दुसरा पाना लावून तो स्थिर धरणे अनिवार्य आहे, अन्यथा नटासोबत होज पिळला जातो. होज स्थिर धरूनही रेघ सरकली. आगीने नट तापवावा असा सल्ला अनेकदा दिला जातो आणि तापवल्याने गंज सुटतो हेही खरे आहे. परंतु ब्रेक ऑइल पेट घेते, रबरी होज एक वीतभरावर असतो आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावके असतात, ज्यांतून तापल्यावर फॉस्जीन नावाचा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. गाडीखाली आडवे पडून काम करणाऱ्या माणसाने हा धोका पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे.

मी दुसरा मार्ग निवडला. पाइप नटाच्या अगदी मागे कापला, नटावर सहा कोनांचा पूर्ण सॉकेट बसवला आणि नट दोन झटक्यांत बाहेर काढला. पाइप गेला, पण होजचे आटे वाचले. नवा पाइप तांबे-निकेलचा केला. सुमारे 90 टक्के तांबे आणि 10 टक्के निकेल असलेला हा मिश्रधातू पोलादासारखा गंजत नाही, हाताने वाकवता येतो आणि त्याचा फ्लेअरही नीट होतो. मात्र जुन्या पाइपचा फ्लेअर दुहेरी दुमडीचा आहे की फुग्याच्या आकाराचा, हे पाहून तसाच नवा करावा, कारण दोन्हींच्या बैठका वेगळ्या असतात. कापलेला पाइप साध्या कॉम्प्रेशन जोडणीने पुन्हा जोडण्याचा विचार कोणी करू नये. ती या दाबासाठी नसते.

गंज सैल करणाऱ्या तेलाविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. ग्लायकॉलवर आधारलेल्या ब्रेक ऑइलच्या यंत्रणेत बहुधा ईपीडीएम जातीच्या रबराची सील असतात आणि खनिज तेलाचा स्पर्श झाला की ती फुगतात. नट सुटल्यावर तेथे उरलेले तेल पाइपच्या तोंडातून आत गेले, तर काही दिवसांनी नवा स्लेव्ह सिलिंडर गळू लागेल आणि दोष सिलिंडरला दिला जाईल. म्हणून पाइप ओढून काढण्याआधी नटाभोवतीचा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन पुसावा आणि पाइप सुटताच दोन्ही तोंडांना रबरी टोप्या लावाव्यात. टोप्यांमुळे ब्रेक ऑइलही ठिबकत नाही. हे ठिबकणे केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही: ब्रेक ऑइल रंग खाते आणि अनेक गाड्यांत क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते, त्यामुळे टाकीची पातळी घसरत राहिली तर ब्रेकच्या बाजूलाही हवा शिरू शकते.

परत बसवताना फ्लेअर नट पान्याची एक मर्यादा जाणवते. त्यावर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ देणारा पाना, लावता येत नाही. त्यासाठी याच आकाराचे, चौकोनी भोकाचे क्रोफूट नावाचे तोंड वेगळे मिळते. ते टॉर्क रेंचच्या दांड्याशी 90 अंशांत लावले तर रेंचवर ठरवलेल्या आकड्यात कोणताही फरक करावा लागत नाही. नट मात्र सुरुवातीला बोटांनीच, निदान तीन-चार फेऱ्या, बसवावा आणि तोही स्लेव्ह सिलिंडरचे बोल्ट आवळण्याआधी, म्हणजे पाइप सरळ रेषेत आणायला सिलिंडर थोडा हलवता येतो. ॲल्युमिनियमचे आटे वाकडे बसलेल्या पोलादी नटापुढे टिकत नाहीत.

या संचातल्या उणिवाही सांगतो. जाड भिंत हा त्याचा गुण आहे आणि दोषही. ब्रॅकेटला लागून बसलेल्या नटाभोवती 11 मिलिमीटरचे तोंड शिरत नाही. तेथे मला ब्रॅकेटचा बोल्ट सैल करून जागा करावी लागली. पाच पान्यांच्या या संचातले प्रत्यक्षात दोनच पाने, 10 आणि 11 मिलिमीटरचे, क्लचच्या कामात लागले. 12 मिलिमीटरचा पुढे जाड पाइपच्या जोडणीवर लागू शकेल. उरलेले दोन बहुधा पेटीतच राहतील. चांगल्या दर्जाचे दोन सुटे पाने मिळत असतील, तर ते घ्यावेत आणि संचाचा मोह सोडावा. कोपरे फार झिजलेल्या नटासाठी, ज्याचे तोंड स्क्रूने नटावर आवळता येते असा पाइप पाना याहून सरस ठरतो, पण त्याला जागा जास्त लागते आणि बोगद्यात ती नसते. दाबून कुलूप होणारी ग्रिप पक्कड मी फक्त अशा नटावर लावीन, ज्याच्यासह पाइप फेकून द्यायचा हे आधीच ठरलेले आहे.

कोणी विचारेल की हा नट सोडवणे मुळात गरजेचे होते का. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टांवर बसलेला असेल आणि तो स्वतः चांगल्या स्थितीत असेल, तर पाइप न सोडता सिलिंडर बोल्टांवरून उतरवून तारेने बाजूला टांगून ठेवता येतो. फक्त त्या काळात पेडलला कोणी पाय लावू नये, अन्यथा आतला पिस्टन बाहेर येतो. सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचात (बेल हाउसिंगमध्ये), इंजिनकडून गिअरबॉक्सात येणाऱ्या इनपुट शाफ्टभोवती बसलेला असेल, तर पाइप सोडण्याला पर्याय नसतो. इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ पोर्शे 911 किंवा टोयोटा एमआर2, पेडल पुढे आणि क्लच मागे असल्यामुळे पाइप गाडीच्या पोटाखालून लांबवर जातो आणि त्यावरच्या जोडण्या वर्षानुवर्षे रस्त्याचे पाणी झेलतात. अशा गाडीचा क्लच काढायचा असेल, तर गिअरबॉक्सला हात लावण्याच्या दोन दिवस आधीच या नटांवर तेल सोडायला सुरुवात करावी आणि पाना तेव्हाच विकत आणून ठेवावा. मी तो नट बिघडल्यावर आणला आणि तोवर गाडी चार जॅक स्टँडवर उभी होती.

काम पूर्ण होऊन सिलिंडरमधली हवा काढल्यावर मदतनीसाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगितले आणि दोन्ही नटांभोवती पांढरा कोरडा कागद गुंडाळून पाच मिनिटे ठेवला. खालच्या नटाचा कागद कोरडा निघाला. वरच्या, नव्या पाइपच्या नटावर पुसटसा ओलावा होता. क्रोफूटने आणखी थोडे आवळल्यावर तोही थांबला.